कल्कुडाचा उरलेला हात

कर्नाटकातल्या कार्कळच्या मोठ्या कातळावर जैनांचा बाहुबली उभा आहे. एकसंध दगडातली ही मूर्ती ४२ फूट उंच आहे आणि १४३२ साली भैररस घराण्यातल्या वीर पांड्य राजानं ती उभारली. राजाचं नाव, त्याच्या गुरूंचं नाव, सगळं तिथल्या लेखात आहे. ज्याच्या हातांनी ती घडली त्याचं पुढे काय झालं, हे जाणून घ्यायचं तर रात्र जागवावी लागते. कापणी झालेल्या शेतात मांडव घातलेला असतो, तिथं जाऊन बसावं लागतं, आणि तेंबरे नावाच्या लहानशा वाद्यावर ठेका धरून गाणाऱ्या बाईचं पाड्दन ऐकावं लागतं.

पाड्दन म्हणजे तुळू भाषेतलं कथागीत. कल्कुडाच्या पाड्दनात शिल्पकार कल्कुड मूर्ती पुरी करतो, राजा ती बघून हरखतो आणि लगेच त्याच्या मनात पाप येतं. असा बाहुबली दुसऱ्या कुणाच्या राज्यात उभा राहता कामा नये! तो कल्कुडाचा डावा हात आणि उजवा पाय तोडून टाकतो. उरलेल्या हातापायानिशी कल्कुड शेजारच्या वेणूरला जातो आणि तिथं दुसरा बाहुबली घडवतो. त्याची बहीण कल्लुर्टी त्याला शोधत येते, भावाची दशा बघते आणि पेटून उठते. पुढे दोघं बहीणभाऊ माणसांतून नाहीशी होतात, दैव होतात, म्हणजे लोकांनी पुजायच्या देवता. राजाच्या राज्यात पीडा सुरू होते आणि त्यांचा मान कबूल केल्याशिवाय ती थांबत नाही.

वेणूरची मूर्ती १६०४ सालची, अजिल घराण्यातल्या तिम्मण्ण राजानं उभारलेली. दोन मूर्तींत १७२ वर्षांचं अंतर आहे आणि ते एका माणसाच्या आयुष्यात मावत नाही. मला हे अडचणीचं वाटत नाही. दोन्हीकडे दगड फोडणारी माणसं होती, त्यांच्या पिढ्या होत्या. काम संपल्यावर राजा आपलं काय करील, ही धास्ती त्यांच्या घराघरांत नांदत असणार. ती कोणत्या शिलालेखात येणार? पाड्दनानं ती जपली आणि तिला एक नाव दिलं.

तुळू भाषेच्या या मुलखाबद्दल, तुळुनाडूबद्दल, मला सांगायचं आहे ते एवढंच आहे. या किनाऱ्यावर ज्यांच्यावर अन्याय झाला ते मेल्यावर गप्प बसले नाहीत. लोकांनी त्यांना दैव मानलं, आणि वर्षातून एकदा त्यांना गावासमोर बोलायला उभं केलं.

आज या नावाचं कुठलंही राज्य किंवा जिल्हा नाही. कर्नाटकातले दक्षिण कन्नड आणि उडुपी हे दोन जिल्हे आणि केरळातल्या कासरगोडचा चंद्रगिरी नदीपर्यंतचा भाग, एवढा साधारण हा मुलूख. पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला समुद्र, मध्ये नेत्रावती, फल्गुनी, शांभवी, सुवर्णा अशा नद्या. तुळू ही द्राविडी कुळातली भाषा. २०११ च्या जनगणनेत साडेअठरा लाखांच्या आसपास लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून नोंदवली. आठव्या अनुसूचीत तिला अजून जागा मिळालेली नाही आणि याची सल तिथल्या प्रत्येक शिकलेल्या माणसाच्या बोलण्यात कधी ना कधी येतेच. १८६२ मध्ये इंग्रजांनी कानडा जिल्ह्याचे दोन तुकडे केले. उत्तरेचा मुंबई इलाख्यात गेला, दक्षिणेचा मद्रास इलाख्यात राहिला. मग १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत कासरगोड केरळात गेलं. एकाच कुळदैवताची घरं दोन राज्यांत वाटली गेली, पण दैवाच्या वार्षिक उत्सवाला अजूनही दोन्हीकडून माणसं जमतात.

मी मूळची कुडाळकडची. कोकण रेल्वेनं मंगळूरला जाताना खिडकीबाहेर फार काही बदलतंय असं मला वाटत नाही. तेच जांभ्या दगडाचे गडगे, तेच माड आणि पोफळी, तीच कौलारू घरं. कौलांचं तर नातंच आहे. आमच्याकडे नळ्यांचं घर मोडून ज्यानं मंगलोरी कौलं घातली त्याची गावात पत वाढत असे. ती कौलं बासेल मिशनच्या जर्मन लोकांनी १८६५ मध्ये मंगळूरच्या जेप्पूला, नेत्रावतीच्या काठी सुरू केलेल्या कारखान्यापासूनची. त्याच मिशनच्या हेर्मान म्योग्लिंगनं १८४३ मध्ये ‘मंगळूर समाचार’ काढलं, कन्नडमधलं ते पहिलं वर्तमानपत्र.

राजेरजवाड्यांचा इतिहास इथंही आहेच. आळुप घराण्यानं जवळजवळ हजार वर्षं हा किनारा सांभाळला, कधी उद्यावरहून, कधी मंगळूरहून, कधी बारकूरहून. मग विजयनगरचे सुभे आले, केळदीचे नायक आले, हैदर-टिपू आले, १७९९ नंतर इंग्रज आले. मूडबिद्रीचं हजार खांबांचं जैन मंदिर १४३० चं. बसरूर बंदरावर तर आपल्या शिवाजी महाराजांचंच आरमार गेलं होतं, फेब्रुवारी १६६५ मध्ये मालवणहून निघून. परतताना महाराज गोकर्णाला थांबले. बसरूर तुळूच्या सीमेपलीकडे, कुंदापूरच्या कानडी मुलखात येतं, पण मराठी माणसाला या किनाऱ्याचं नाव माहीत असतं ते बहुधा त्या मोहिमेमुळे.

या साऱ्या नावांत मला ओढ आहे ती मंगळूरजवळच्या उल्लाळच्या अब्बक्का राणीची. तिचं चौट घराणं जैन, आणि वारसा बहिणीच्या मुलांकडे जाणारा, म्हणजे अळियसंतान पद्धतीचा. त्यामुळे बाई गादीवर बसणं तिथं अपवादाचं नव्हतं. १६ व्या शतकात मंगळूरवर डोळा ठेवून बसलेल्या पोर्तुगीजांना तिनं खंडणी नाकारली आणि त्यांच्याशी लढत राहिली. त्या घराण्यात अब्बक्का नावाच्या एकीहून अधिक राण्या झाल्या असं इतिहासकार मानतात. पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा इटालियन प्रवासी १६२३ मध्ये उल्लाळच्या राणीला भेटला. ती त्याला दरबारात भेटली नाही. पाण्यासाठी चर खणायचं काम चाललं होतं, ते बघायला ती अनवाणी चालत निघाली होती. अंगावर साधं सुती वस्त्र. तिच्या वेशावरून ती राणी वाटेना, असं त्यानं मोकळेपणानं लिहिलं. मला मात्र त्या एका प्रसंगातून जेवढी राणी दिसते, तेवढी चौकातल्या तलवारधारी पुतळ्यात दिसत नाही. चर कुठून काढायचा हे उन्हात उभं राहून ठरवणारी बाई पोर्तुगीजांना का नमली नसेल, हे समजायला फार कष्ट पडत नाहीत.

मुंबईतल्या माझ्या एका मैत्रिणीचं मूळ घर मूडबिद्रीजवळच्या एका गावात आहे. बंट समाजातलं गुत्तूचं घर, म्हणजे पूर्वीच्या जमीनदार मानकऱ्यांचं. घर आईकडून आलेलं, म्हणून तिचा तिथला हक्क मुलगी असूनही पक्का, आणि घराचे यजमान तिचे मोठे मामा. त्या घराच्या नेमाला मी गेले, आणि मग जात राहिले.

नेम किंवा कोल म्हणजे दैवाचा वार्षिक उत्सव. संध्याकाळी घरातून भंडार निघतं: घंटा, तलवार, चवरी आणि पंजुर्ली दैवाचा पितळी मुखवटा, रानडुकराच्या तोंडाचा. ते वाजतगाजत शेतातल्या स्थानावर आणून ठेवतात. एका बाजूला चटईवर, हातात छोटा आरसा घेऊन, नेम बांधणारा माणूस, म्हणजे ज्याच्या अंगात दैव येतं तो, स्वतःचा चेहरा रंगवत बसलेला असतो. आधी सगळा चेहरा हरताळाचा पिवळा, मग त्यावर काळ्या-तांबड्या रेघा. पलीकडे त्याचे पुतणे माडाचे कोवळे पिवळसर झाप नखांनी चिरत असतात. त्याचा घागरा होतो, त्याला सिरि म्हणतात. हे काम शांतपणे, दोन-तीन तास चालतं. आणि या सगळ्या वेळात त्याची बायको शेजारी बसून पाड्दन गात असते. स्वर फार चढत नाही, उतरत नाही. दैव कुठून आलं, कुठल्या घाटानं उतरलं, कुणाच्या दारात थांबलं, कुणी त्याला ओळखलं, कुणी हाकललं. नवऱ्याच्या चेहऱ्यावर एकेक रेघ चढते आणि इकडे गोष्ट पुढे सरकते.

मग गग्गर, पायात घालायचे जड वाळे. तो ते दोन्ही हातांत घेऊन यजमानांसमोर उभा राहतो आणि बांधायची परवानगी मागतो. एकट्या यजमानांची नाही, गावातल्या प्रत्येक जातीच्या मानकऱ्याची. सगळ्यांनी हो म्हटल्यावर ते पायात चढतात, आणि त्या क्षणानंतर समोर उभा असलेला माणूस कुणाचा नवरा किंवा कुणाचा काका उरत नाही. पाठीवर अणि बांधतात, माणसाहून उंच प्रभावळ. दिवट्यांच्या उजेडात ती हलायला लागली की लहान मुलं आयांच्या पदरात शिरतात.

मला हे सगळं परकं नव्हतं. आमच्याकडे अवसर येतो, तरंग उभे राहतात, ‘होय महाराजा’ म्हणत गाऱ्हाणं घालतात. देवानं माणसाच्या तोंडून बोलावं यात कोकणातल्या माणसाला नवल नाही. नवल वाटलं ते पाड्दनाचं. दैवानं तुम्हाला हुकूम करण्याआधी त्यानं स्वतः काय सोसलं हे पुरतं सांगितलं जातं, आणि ऐकणाऱ्या साऱ्यांना ते ऐकावंच लागतं.

पहाटेच्या सुमाराला नुडि सुरू होते, म्हणजे दैवाचं बोलणं. त्या वर्षी मैत्रिणीच्या दोन मावसभावांचं वाटेवरून जुंपलं होतं. एकानं शेताला कुंपण घातलं होतं आणि दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला वळायला जागा नव्हती. प्रकरण कोर्टात जायच्या बेतात होतं. दैवानं दोघांना पुढे बोलावलं. कुंपणाचं नावही घेतलं नाही. माझं भंडार त्या वाटेनं येतं, ती वाट अरुंद का झाली, एवढंच विचारलं. दोघंही चाळिशी ओलांडलेले, एक बँकेतला आणि एक आखातात नोकरी करून आलेला. मान खाली घालून उभे. पोफळीच्या फुलांचा तुरा दोघांच्या हातात एकदम दिला गेला आणि तो घेताना त्यांना एकमेकांकडे बघावंच लागलं. पुढच्या वर्षी मी गेले तेव्हा कुंपण चार हात मागे सरकलेलं होतं.

दैवं शेकड्यांनी आहेत. पंजुर्ली आणि जुमादीसारखी काही मूळचीच दैवी. पण मला राहून राहून आठवतात ती माणसांची झालेली दैवं. कोरग समाजातला तनिया, लहानपणी अनाथ झालेला. ताडी काढणाऱ्या घरातल्या मैरक्के नावाच्या बाईनं त्याला वाढवलं. देवळाच्या उत्सवासाठी सात माणसांचं ओझं त्यानं एकट्यानं वाहून नेलं, आणि देवळाच्या दारात त्याला अडवलं, कारण तो कोरग. आईला लोणच्यासाठी हवं म्हणून देवळावर वाकलेल्या झाडाचं महाळुंग तोडायला तो वर चढला आणि तिथूनच नाहीसा झाला. तोच आज कोरगज्ज. वस्तू हरवली, जनावर सापडेना, पोराला नोकरी लागेना, की सगळ्या जातींचे लोक त्याला विड्याची पानं, चकली आणि ताडी कबूल करतात. मंगळूरजवळच्या कुत्तारला त्याचं मूळ स्थान. तिथं रात्री त्याचा कोल चालू असताना दिवे मालवतात, रस्त्यावरची वाहनंसुद्धा. ज्याला दारात अडवलं त्याच्यासाठी आता सगळा गाव अंधार करून थांबतो.

कोटी आणि चेन्नय हे जुळे भाऊ बिल्लव समाजातले. त्यांची आई देयी बैदेती वैदू होती, पडुमलेचा सरदार बल्लाळ याच्या पायाची जखम तिनं बरी केली. बाळंतपणानंतर ती वारली. कबूल केलेलं बक्षीस पोरांना मिळालं नाही, वर अपमान पदरात पडला, आणि त्यातून जे सुरू झालं ते एण्मूरच्या लढाईत दोघांच्या मरणानं संपलं. त्यांची देवळं म्हणजे गरडी, आखाडा आणि देऊळ एकत्र. किनाऱ्यावरच्या मोगवीर कोळ्यांचा राखणदार बोब्बर्य, आणि पाड्दनात त्याचा बाप मुसलमान व्यापारी आहे. जाळं टाकायला निघालेला हिंदू कोळी आजही त्याला हात जोडतो. बंटवाळजवळ पणोलीबैलला कल्लुर्टीचं स्थान आहे. कोल बोलणाऱ्यांची तिथली यादी वर्षानुवर्षं पुढे सरकत असते. चोरी, भाऊबंदकी, लुबाडलेली जमीन अशी गाऱ्हाणी घेऊन लोक तिथं जातात, विशेषतः बायका.

आता जे मला सलतं ते. नेम बांधणारे लोक नलिके, पंबद आणि परव या समाजांतले, अनुसूचित जातींतले. रात्रभर ज्याच्यापुढे यजमान हात जोडून उभे राहतात, त्याला सकाळी रंग पुसल्यावर त्याच घराच्या ओटीवर चढता येत नसे. ही फार जुनी गोष्ट नाही, मैत्रिणीच्या आईनं ती डोळ्यांनी पाहिलेली आहे. काही अभ्यासक म्हणतात, एका रात्रीचा मान देऊन बाकीच्या वर्षाचा अपमान पचवायला लावायची ही युक्ती. या म्हणण्यात तथ्य आहे. तरी मी पाड्दनं ऐकते तेव्हा मला ते पुरेसं वाटत नाही. अडवलेला तनिया, हात तोडलेला कल्कुड, फसवलेली देयी यांच्या गोष्टी त्याच लोकांनी पाठ केल्या, त्याच घरांच्या अंगणात उभं राहून गायल्या, आणि ऐकणाऱ्यांना दरवर्षी मान डोलवायला लावली. हे धैर्य लहान नाही.

त्या सकाळी नेम बांधणारे गृहस्थ विहिरीपाशी तोंड धूत होते. साठीच्या पुढचे. गुडघे सुजलेले, दंडावर दिवटीच्या जुन्या भाजल्याच्या खुणा. त्यांचा मुलगा मंगळूरला वीजजोडणीची कामं करतो आणि हंगामात त्यांच्याबरोबर येतो. नेमाच्या आधी काही दिवस मांसमच्छी सोडावी लागते, चपला घालता येत नाहीत, आणि मुकादमाला हे सगळं पटवून द्यावं लागतं, असं तो सांगत होता. २०२२ साली एका कन्नड चित्रपटामुळे दैवाराधना देशभर पोचली. त्याच वर्षी कर्नाटक सरकारनं साठी ओलांडलेल्या दैवनर्तकांना महिना २००० रुपये मानधन जाहीर केलं. चित्रपट बघून पोरांनी शहरांत दैवाची सोंगं घेऊन नाचायला सुरुवात केली, याचं त्या बापलेकांना फार वाईट वाटत होतं. गग्गर परवानगीशिवाय बांधायचे नसतात, एवढं एकच वाक्य म्हातारे दोनदा म्हणाले.

१९७४ च्या जमीन सुधारणेनं कुळांना जमिनी मिळाल्या आणि गुत्तूंची सद्दी संपली. ते फार चांगलं झालं. नेमाचा खर्च ज्या शेतांवर चाले ती शेतंच गेल्यामुळे बऱ्याच घरांत काही वर्षं दैव उपाशी राहिलं. मग मुंबईचा आणि आखाताचा पैसा आला आणि नेम परत सुरू झाले, पूर्वीपेक्षा मोठे, झगमगीत. कंबळाचंही तेच. पाणी भरलेल्या शेतात रेड्यांच्या जोड्या पळवायच्या, हा मुळात पेरणीशी आणि दैवाशी बांधलेला विधी. आता त्याला विजेचे झोत आणि सोन्याची बक्षिसं आली. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तो अडकला, २०१७ मध्ये कर्नाटकानं कायदा बदलला आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं तो कायदा उचलून धरला. चिखलाचा फवारा उडवत पळणारी जोडी बघताना अंगावर काटा येतो हे खरं, पण रेड्याच्या पाठीवर उठणारा चाबूक मला बघवत नाही आणि त्याच्यावाचून कंबळ जगेल अशी माझी खात्री आहे.

कंबळ आणि नेम हे कोरड्या दिवसांतले. तुळू पंचांगातल्या बेश महिन्याच्या दहाव्या दिवशी, म्हणजे २४ मेच्या आसपास, पत्तनाजे येतं. त्या दिवशी गग्गर उतरतात, यक्षगानाच्या नाटकमंडळ्या शेवटचा खेळ करून पेट्या बंद करतात, आणि दिवाळीपर्यंत दैवं शांत असतात. पावसात शेती असते. आटी महिना, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, उपासमारीचा म्हणून कुप्रसिद्ध. घरात जे नाही ते रानातून आणायचं: टाकळा, बांबूचे कोंब, अळूची पत्रोडे, मिठात मुरवलेले फणसाचे गरे. या यादीतलं काहीही सिंधुदुर्गातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आटी अमावास्येला उजाडायच्या आत सातविणीची साल काढून आणतात. लोखंड लावायचं नाही, दगडानं ठेचून काढायची. त्या सालीचा कडूजहर काढा घरातला प्रत्येक जण पितो आणि मग अंगात ऊब यावी म्हणून मेथीची पेज. आपल्याकडे त्याच अवसेला दिवे घासूनपुसून पूजतात.

सगळ्या सणांत मला सर्वांत जवळचा वाटला तो केड्डस. फेब्रुवारीत, मकर महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांत, भूमी रजस्वला होते अशी समजूत. पूर्वी नलिके समाजातला माणूस घरोघर येऊन केड्डसाचे वार सांगून जाई. या तीन दिवसांत जमीन नांगरायची नाही, खणायची नाही, कुदळ-विळ्याला हात लावायचा नाही. हिरवं पान तोडायचं नाही. मैत्रिणीच्या आईनं पहिल्या दिवशी उकडा तांदूळ खमंग भाजला, दळला, त्यात गूळ आणि ओलं खोबरं कालवलं. त्याला नन्येरी म्हणतात. चौथ्या दिवशी पहाटे तिनं तुळशीपुढची जागा सारवली. केळीच्या पानावर हळद, कुंकू, शिकेकाई ठेवली. आणि वाटीतलं तेल जमिनीवर, थेंब थेंब करत, गोलाकार सोडलं. बाळंतिणीच्या टाळूवर घालावं तसं, हळूहळू, बोटं मातीला टेकवत. मी विचारलं, ‘अम्मा, हे तेल किती घालायचं?’ त्या म्हणाल्या, ‘तिला न्हायचंय ना, पुरेल एवढं.’ ज्या दिवसांत आमच्या घरी बाई बाजूला बसे, त्याच दिवसांत इथं जमिनीला विश्रांती, गोडधोड आणि न्हाणं मिळत होतं, याचं मला फार अप्रूप वाटलं. मग आठवलं की या घरातल्या बायकांनाही ते चार दिवस बाजूलाच बसवत. भूमीला जे मिळालं ते त्यांना मिळालं नाही, आणि अम्मांनी हे सांगताना आवाज जराही दबका केला नाही.

उडुपीचा पर्याय उत्सव मोठा. दर दोन वर्षांनी जानेवारीच्या १८ तारखेला कृष्णाच्या पूजेचा मान आठ मठांपैकी पुढच्या मठाकडे जातो. १६ व्या शतकात वादिराजांनी ही दोन वर्षांची पाळी घातली. तिथली माझी आवडती जागा म्हणजे संतकवी कनकदासांची खिडकी. देवळात प्रवेश नसलेल्या कनकदासांसाठी कृष्ण मागे वळला आणि भिंतीला पडलेल्या भगदाडातून त्यानं दर्शन दिलं, अशी कथा. देवळात जाण्याआधी भाविक आजही तिथून दर्शन घेतात. म्हणजे दैवांच्या गावात काय नि मोठ्या देवळात काय, दारात अडवलेल्या माणसाची गोष्ट या मुलखानं सोडलेली नाही.

या किनाऱ्यावर मराठीच्याही खुणा आहेत आणि त्या बघून जीव सुखावतो. कार्कळजवळच्या माळा, दुर्ग अशा गावांत चित्पावनी बोली बोलणारी घरं आहेत, कासरगोडकडे कऱ्हाडे आहेत. मराटी नाईक नावाचा आदिवासी समाज पिढ्यान्‌पिढ्या मराठीचीच एक बोली बोलत आला. महामायी त्यांची देवी, आणि तिच्यापुढे ते गोंदोळु पूजा घालतात. गोंधळ! तुळजापूरपासून इतक्या लांब, माडांच्या सावलीत. कधी आले, कशासाठी आले, याच्या वेगवेगळ्या कथा ते सांगतात, पण गोंधळ मागे ठेवून आले नाहीत. आणि आपली मराठी रंगभूमी ज्यांना जन्मदाते मानते त्या विष्णुदास भाव्यांना १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ करायची स्फूर्ती मिळाली ती कानडी भागवत मंडळींच्या खेळांवरून, म्हणजे याच यक्षगानाच्या गोतावळ्यातून. पुढे त्याच किनाऱ्यावरची पोरं मुंबईला आली, खानावळीत भांडी घासली, रात्रशाळेत शिकली, गल्ल्यावर बसली. मुंबईकराची इडली त्यांच्या हातची आहे. त्यांचं दैव मात्र गावीच राहिलं, म्हणून दरवर्षी नेमाला त्यांना जावंच लागतं.

तुम्हालाही जायचं असेल तर डिसेंबर ते मेचा तिसरा आठवडा, एवढे दिवस हाताशी धरा. दुपारी कुर्ल्याहून सुटणारी मत्स्यगंधा उडुपीवरून मंगळूरला जाते. कुणाच्या घरचा नेम आहे हे रिक्षावाल्यालाही ठाऊक असतं, आणि आगंतुकाला कुणी उपाशी पाठवत नाही. मोबाइलचा उजेड कुणाच्या चेहऱ्यावर मारू नका. बायकांच्या बाजूला एखादी म्हातारी तेंबरेवरच्या गाण्याबरोबर ओठ हलवत असेल, तिच्या शेजारी बसा आणि विचारा, हे कुणाचं पाड्दन. तुळू येत नसेल तरी अडत नाही. ती कोकणीत सांगेल, मोडक्या हिंदीत सांगेल, आणि मुंबईला भावाकडे राहून आलेली असेल तर मराठीतही सांगेल.